वजाबाकीतून झालेला दगड

राजापूरजवळच्या सड्यावरची चिरेखाण. यंत्राचं गोल पातं रुळांवरून सरकतं तसा लाल धुरळा उठतो आणि गवत, माणसं, उभा ट्रक सगळं एकाच रंगात बुडतं. आधी उभ्या खाचा, मग आडव्या, शेवटी तळातून काप. जांभ्याचा चिरा सुटतो.

पूर्वी हे टिकाव-पहारीवर चाले. जमिनीतला जांभा मऊ असतो म्हणूनच ते जमे. उन्हावाऱ्यात राहिला की तो कडक होतो. केरळात अंगाडीपुरमला हाच गुण प्रवासी फ्रान्सिस बुकाननच्या नजरेत भरला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने तो नोंदवला.

शाळेत खडकांचे तीन प्रकार पाठ करून घेतात: शिलारस थिजून झालेला अग्निजन्य, गाळ साचून घट्ट झालेला स्तरित, उष्णता-दाबाने न वितळता पालटलेला रूपांतरित. अर्ध्या कोकणाची घरं ज्या दगडाची, तो जांभा मात्र यांत कुठेच नीट बसत नाही. इथला बहुतेक जांभा मुळात सह्याद्रीचाच काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दमट उष्मा आणि पावसाने लाखो वर्षं त्यातलं सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम विरघळवून नेलं. लोह आणि ॲल्युमिनियम पाण्याला सहसा दाद देत नाहीत. ते ऑक्साइड होऊन मागे उरले. रंग लोहाच्या गंजाचा.

खाणीच्या भिंतीत ही वजाबाकी वरून खाली वाचता येते. माथ्यावर काळपट, कणखर कवच. रत्नागिरीची कातळशिल्पं कोरली आहेत ती असल्याच कातळावर. खाली चांगला चिरा. आणखी खाली पांढरे-पिवळे डाग वाढत जातात, दगड नखाने उकरला जातो, मग नुसती चिकणमाती. तिच्याही खाली न कुजलेला बेसॉल्ट असतो, पण तिथवर जायचं कुणाला कारण नसतं.

"डाग दिसायला लागले की मशीन उचलायचं," मुकादम म्हणाला. "पुढे चिरा नाही, चिखल."

त्या चिखलाचं मोल खाणीच्या हिशेबात धरलेलं नसतं. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपत उतरतं आणि त्या मातीवर अडतं. सड्याच्या उतारावरचे कितीतरी झरे त्याच पातळीला फुटतात. वाडीला उन्हाळ्यात पाणी पुरवतो तो हा जांभा, आणि ट्रकमधून जातो तोही हाच.