चाळीस नांगर, गिऱ्हाईक मात्र एकही नाही!

मुलांनो, समजा तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत खपून आकाशकंदील बनवलेत. एक-दोन नव्हे, चांगले चाळीस! ते दारात मांडून बसलात आणि दिवसभरात एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. काय कराल? कंदील माळ्यावर टाकाल आणि म्हणाल, "लोकांना मेलं काही कळतच नाही!" हो की नाही?

लक्ष्मणराव किर्लोस्करांवर अशीच पाळी आली होती. फरक एवढाच, की त्यांचा माल कागदाचा नव्हता, लोखंडाचा होता. आणि पहिल्या गिऱ्हाइकाची वाट त्यांना तब्बल दोन वर्षं पाहावी लागली!

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळलं, की आपल्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत! मग त्यांनी यंत्रांची रेखाचित्रं काढण्याचं शिक्षण घेतलं. ती शिकवण्याची नोकरीही केली. पुढे बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, कडबा कापायचं यंत्र बनवलं. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लोखंडी नांगर करायला घेतला.

आता हा नांगर कशाला हवा होता? लाकडी नांगर जमिनीला नुसती चीर पाडतो. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वाकवलेला लोखंडी पत्रा असतो. फाळानं कापलेली माती या पत्र्यावर चढते आणि पालथी होऊन पडते. त्यामुळे हरळी, कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळं वर येतात आणि उन्हात वाळून जातात. म्हणजे वस्तू कामाची होती, यात शंकाच नाही.

पण शेतकरी म्हणाले, "छे छे! लोखंडानं जमिनीत विष भिनेल." तयार झालेले चाळीस नांगर पडून राहिले.

आपण हसतो, पण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून बघा. त्याच्याकडे जमिनीचा एवढासा तुकडा. एक हंगाम बिघडला, तर वर्षभर घरात खायचे वांधे! आजोबा-पणजोबांनी ज्या नांगरानं शेत कसलं, तो टाकून कुणा अनोळखी माणसाच्या नांगरावर त्यानं भरवसा का ठेवावा? नांगर फसला तर लक्ष्मणरावांचा माल वाया जाणार, पण शेतकऱ्याची भाकरीच जाणार!

म्हणून गिऱ्हाईक येत नाही याचा अर्थ वस्तू वाईट असाही नाही, आणि लोक मूर्ख असाही नाही. मधे एक भीती उभी असते. ती रागावून जात नाही. वस्तू चालताना दिसली, शेजाऱ्याच्या शेतात गुण आला, की हळूहळू जाते. दोन वर्षांनी पहिला नांगर विकला गेला. मग मागणी वाढत गेली.

इतकं झाल्यावर पुन्हा संकट! बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान मिळालं. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट! ते साफ करून १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

गंमत पुढेच आहे. कारखान्यात काय तयार होतं, ते लोकांना सांगायला १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक निघालं. त्याचे संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. पुढे तेच 'किर्लोस्कर' या नावानं घरोघरी वाचलं जाऊ लागलं. चांगली वस्तू बनवणं हे निम्मं काम. ती का चांगली आहे हे समोरच्याला त्याच्या भाषेत, न कंटाळता सांगणं हे उरलेलं निम्मं!

तर दोस्तांनो, यंदा शाळेच्या आनंदमेळ्यात तुमची भेळ खपली नाही, तर पाटी उचलू नका. समोरच्या मुलाला विचारा, "का रे, घेत नाहीस? तिखट लागेल अशी भीती वाटते का?" आणि एक घास चाखायला द्या. बघा, रांग लागते की नाही!