सौर जलतापक, घरगुती
सूर्याच्या उष्णतेने स्नानाचे पाणी तापविणारे साधन. सातारा व सांगली जिल्ह्यांत महाबळेश्वरसारखी ठिकाणे वगळता खोली तापविण्याची गरज क्वचितच भासते. पाणी मात्र पूर्वी तांब्याच्या बंबात लाकूडफाटा जाळून तापवीत. अशा साधनांसाठी गृहस्थाला आयकरात थेट सूट नाही. जलतापकांवरील केंद्रीय भांडवली अनुदान २०१४ मध्ये बंद झाले. सप्टेंबर २०२५ पासून त्यांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वातानुकूलकांचा करही २८ वरून १८ टक्के झाला. तथापि तो तारांकन न पाहता सरसकट घटविल्याने त्यास ऊर्जाबचतीचे उत्तेजन म्हणणे कठीण. २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरील ३ किलोवॉट वीजसंचास ७८,००० रुपये अनुदान मिळते. मान्याचीवाडी (ता. पाटण, जि. सातारा) त्याच वर्षी राज्यातील पहिले सौरग्राम ठरले.