हॅम्लेट सूड घेण्यास का थांबला?

हॅम्लेटचे नाव निघाले की 'चालढकल करणारा राजपुत्र' हा शेरा बहुधा पाठोपाठ येतोच. बापाचा खून झाला, खुनी कोण ते कळले, सूड घेण्याचे वचनही दिले, आणि मग हा गृहस्थ पाच अंक नुसता बोलत राहिला, असा आक्षेप नाटक वाचलेले लोक घेतात आणि न वाचलेले अधिक ठासून घेतात. आक्षेप नवा नाही. १७३६ साली निघालेल्या एका निनावी इंग्रजी पुस्तिकेने त्याचे सोपे उत्तरही देऊन टाकले होते. नायकाने ताबडतोब सूड उगवला असता तर नाटक तेथेच संपले असते, सबब कवीने विलंब ओढून आणला, असे ते उत्तर. ते खोटे नव्हे. पण त्याने आपले समाधान होत नाही.

प्रथम मूळ कथेकडे वळू. साक्सो ग्रामाटिकस या डेन्मार्कच्या बखरकाराने इसवी सन १२०० च्या सुमारास ती लिहून ठेवली. तिच्यात चुलता भावाला मारतो ते लपूनछपून नव्हे. राणीला छळातून सोडवण्यासाठी मारले, असे तो वर समर्थनही करतो. खून सर्वांना ठाऊक आहे. पोरका राजपुत्र वेडाचे सोंग घेतो ते केवळ जीव वाचवण्यासाठी, आणि संधी येताच दरबाऱ्यांसह दिवाणखाना पेटवून देऊन चुलत्याला ठार करतो. त्याला कित्येक वर्षे थांबावे लागले, तरी 'हा का थांबला?' असे कोणी विचारीत नाही. कारण उघड आहे.

शेक्सपिअरच्या नाटकात खून गुप्त आहे, आणि सारी मेख येथेच आहे. राजा बागेत झोपला असता त्याच्या कानात विष ओतले जाते आणि साप चावल्याची आवई उठवली जाते. साक्षीदार कोणी नाही. खुनी आता स्वतःच राजा. तेव्हा फिर्याद करावयाची कोणापुढे? उरला पुरावा एकच, मध्यरात्री तटावर दिसलेले भूत. आपल्याला हे भूत नाटकी वाटते, आणि रंगभूमीवर ते जुनेच होते. शेक्सपिअरच्या आधी याच कथेवर लिहिलेल्या एका हरवलेल्या नाटकातही सूड मागणारे भूत होते, हे १५९६ सालच्या एका उल्लेखावरून कळते. परंतु त्या काळच्या प्रेक्षकाला भूत पाहून घाबरण्यापलीकडे एक प्रश्न पडत असे. भूत सांगते की, मी पापक्षालनाच्या मधल्या लोकात जळत आहे. असा लोकच नाही, असे इंग्लंडच्या धर्मपीठाने सोळाव्या शतकात ठरवून टाकले होते. आणि राजपुत्र शिकायला होता कोठे? तर विटेनबर्गला, जेथून ल्यूथरने १५१७ साली जुन्या धर्मसत्तेविरुद्ध आवाज उठवला. सैतान मृताचे रूप घेऊन माणसाला पापात लोटतो, ही समजूतही तेव्हा पक्की होती. पुढे इंग्लंडच्या गादीवर आलेल्या जेम्स राजाने १५९७ साली भूतपिशाचांवरील आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली आहे. म्हणजे 'हे भूत बापाचे की सैतानाचे?' हा हॅम्लेटचा प्रश्न सबब नसून रास्त शंका आहे. एका भुताच्या शब्दावर माणूस मारावा काय? आमच्या मते, जो मारणार नाही त्याला भ्याड म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून तो नाटकात नाटक घडवून आणतो. बागेतील विषप्रयोग रंगमंचावर दाखवावयाचा आणि चुलत्याचा चेहरा न्याहाळावयाचा. चुलता उठून जातो. हॅम्लेटची खात्री पटते. परंतु येथे एक बारकावा आहे, आणि घाईने वाचणाऱ्याच्या तो हातून निसटतो. त्या नाटुकल्यात विष घालणारा राजाचा भाऊ नसून पुतण्या आहे. हॅम्लेटनेच हे सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले आहे. तेव्हा दरबाराने पाहिले ते असे, की पुतण्या राजाला विष घालतो हा देखावा पुतण्याने राजाला दाखवला. राजा संतापून उठला यात दरबाऱ्यांना नवल कसले? पुरावा मिळाला तो हॅम्लेट आणि होरेशियो या दोघांपुरताच. जगापुढे उलट हॅम्लेटच संशयित ठरला.

यानंतर मात्र विलंबाला आधार उरत नाही असे वाटते, आणि लगेच तो प्रसिद्ध प्रवेश येतो. क्लॉडियस एकटा, पाठमोरा, प्रार्थनेस बसला आहे. हॅम्लेट तलवार उपसतो आणि परत म्यान करतो. प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गाला जाईल, आणि माझा बाप तर पापाचा झाडा न देताच गेला. तेव्हा हा पाप करीत असतानाच याला गाठीन, असे तो म्हणतो. डॉक्टर जॉन्सन यांना १७६५ साली हे भाषण वाचवेना, इतके ते भयंकर वाटले. पुष्कळांनी ही निव्वळ पळवाट मानली. आम्हांला मात्र त्याचा शब्द खरा मानावासा वाटतो. येथे तो कचरलेला नाही. त्याला सूड हवा आहे तो परलोकापर्यंत पोचणारा, आणि न्याय करणाऱ्याची पायरी सोडून तो देवाच्या आसनावर बसू पाहत आहे. कवीची थट्टा अशी की, हॅम्लेट निघून जाताच क्लॉडियस कबूल करतो, आपली प्रार्थना वर पोचलीच नाही.

आणि पुढच्याच प्रवेशात, आईच्या महालात, पडद्यामागे हालचाल होताच तो बेधडक तलवार खुपसतो. मरतो पोलोनियस. याला कृतिशून्य कसे म्हणावे? पुढे इंग्लंडच्या वाटेवर पत्र बदलून तो दोघा जुन्या सोबत्यांना मृत्यूच्या दारी धाडतो, चाच्यांच्या गलबतावर एकटा उडी घेतो. हात चालतो, चुकतो तो नेम. पोलोनियसच्या खुनाने तर पारडेच फिरते. आता लेअर्टिसला बापाचा सूड घ्यावयाचा आहे, आणि अपराधी आहे हॅम्लेट! लेअर्टिसला शंका शिवत नाही; देवळातही गळा कापीन, असे तो म्हणतो. परिणाम काय, तर क्लॉडियस त्याला सहज खिशात घालतो आणि आपल्या कपटी बेतात सामील करून घेतो. विचार न करणारा सूडकरी खुन्याचेच हत्यार झाला.

पंडितांची मते थोडक्यात सांगतो. गटेला हे नाजूक कुंडीत लावलेल्या ओकवृक्षासारखे वाटले. कोलरिजने १८११–१२ च्या लंडनमधील व्याख्यानांत अतिविचाराला दोष दिला. थोडा हॅम्लेट आपल्यातही असल्याचे त्याने पुढे सांगितले, तेव्हा ते निदान रोग्याचे की वैद्याचे, कोण जाणे. ब्रॅडले यांनी १९०४ साली आईच्या घाईच्या पुनर्विवाहाने आलेली खिन्नता पुढे केली, आणि फ्रॉइडने मुलाच्या मनातील दडलेल्या वासनेकडे बोट दाखवले. या सर्वांना बळ मिळते ते हॅम्लेटच्या स्वतःच्या दूषणांतून. आळशी, भेकड, असे तो स्वतःला पुन्हा पुन्हा म्हणतो. पण या दूषणांतील सर्वांत कडक स्वगत, फॉर्टिन्ब्रासची फौज पाहिल्यानंतरचे, १६०४ च्या आवृत्तीत आहे आणि १६२३ च्या संग्रहात नाही. ते कवीने गाळले की नटांनी, हे सांगता येत नाही. पण त्यावाचून नाटक उभे राहते, आणि राजपुत्र पुष्कळच कमी रेंगाळलेला दिसतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाने दोन मोठी माणसे गुंतवली. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात टिळक आणि आगरकर एकत्र होते. आगरकरांचे हॅम्लेटचे भाषांतर १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले, आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांनी त्यातील चंद्रसेन गाजवला. नावातच आगरकरांचे उत्तर आले: हा विकारांचा खेळ आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त, कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात, हॅम्लेटला अर्जुनाच्या पंक्तीला बसवले. चुलत्याला शासन करावे की नाते पाहून क्षमा करावी हा त्याचा पेच, आणि वाट दाखवणारा कृष्ण त्याला भेटला नाही. लोकमान्यांविषयी पूर्ण आदर ठेवून आम्हांला येथे थोडे वेगळे म्हणावेसे वाटते. अर्जुनासमोर कोण उभे आहे हे भर दिवसा दोन्ही सैन्यांना दिसत होते. त्याचा प्रश्न कर्तव्याचा. हॅम्लेट चुलत्याच्या नात्याने कोठेही विरघळत नाही; त्याचा पहिला प्रश्न खऱ्याखोट्याचा आहे.

शेवटी सूड घेतला जातो तोही पाहण्यासारखा. गर्ट्रूड विषाच्या पेल्याने कोसळते, मरणारा लेअर्टिस राजाचे नाव घेतो, तेव्हा हॅम्लेट विषारी तलवार चालवतो आणि उरलेले विष राजाच्या घशात ओततो. त्या क्षणी तो बापाचे नाव घेत नाही. भूतही पुन्हा येत नाही. आणि भोवतीचे दरबारी काय ओरडतात? राजद्रोह! त्यांना अजून पहिल्या खुनाचा पत्ता नाही. म्हणून तर होरेशियो विषाचा पेला उचलतो तेव्हा मरता मरता हॅम्लेट तो त्याच्या हातून हिसकावून घेतो; घडले ते लोकांना सांगायला कोणीतरी जिवंत राहिले पाहिजे.