इफ्तारनंतरची बैठक

रमजान महिन्यातच, हिजरी सन 8 मध्ये, प्रेषित मुहंमद (स.) यांनी मक्का जिंकली आणि जुन्या वैऱ्यांना माफी दिली. पण वैर पेटूच नये म्हणून काय करावे? अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय 2002 च्या ग्रंथात सांगतात, की सणावारी येणेजाणे चांगलेच. पण शहरांत दंगल रोखतात त्या दोन्ही समाजांच्या एकत्रित संस्था. म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात इफ्तारला आलेला शेजारी ईदनंतर पाण्याच्या तक्रारीसाठीही सोबत बसायला हवा.

जवळच्या भिवंडीने हे करून पाहिले. यंत्रमागांचे हे गाव 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळले होते. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 नंतर तिथे हिंदू-मुस्लिमांच्या मोहल्ला कमिट्या उभारल्या. ओळखी वाढल्या. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली; भिवंडी शांत राहिली.