चिमणीला ऋतू कुठून कळतो?

जानेवारी सरत आलेला असतो, स्वेटर अजून कपाटात गेलेले नसतात, पुण्यात पहाटे पारा १०-१२ अंशांवर रेंगाळत असतो. आणि समोरच्या वडावर तांबट टुक् टुक् सुरू करतो. हिरवा, गुबगुबीत, कपाळावर लालभडक टिळा. दुर्बीण असेल तर बघा, ओरडताना त्याची चोच चक्क मिटलेली असते. फुगतो तो गळा. शिवाय तो मुंडी एकदा इकडे, एकदा तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते उमगत नाही. उन्हाळ्याला अजून महिना-दीड महिना आहे. मग याला वर्दी दिली कुणी?

या कोड्याचा पहिला धागा हाती लागला तो कॅनडात. १९२०च्या दशकात एडमंटनला विल्यम रोवन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी जुन्को जातीचे चिमणीएवढे पक्षी भर हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि रोज संध्याकाळी विजेचे दिवे थोडे थोडे जास्त वेळ चालू ठेवले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. तरीही नरांच्या प्रजननग्रंथी वसंतात वाढाव्यात तशा वाढल्या. म्हणजे पक्षी ऊब मोजत नव्हते, दिवसाची लांबी मोजत होते.

ही लांबी ते डोळ्यांनी मोजत असतील, असं कुणालाही वाटेल. खरी गंमत इथेच आहे. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांना दिसलं की दृष्टी गेलेली बदकंही वाढत्या उजेडाला तसाच प्रतिसाद देतात. पुढे १९७०मध्ये अमेरिकेत मायकेल मेनेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिमण्यांवर एक साधा, जरा क्रूर प्रयोग केला. आपल्या ओळखीची, घरातली चिमणीच. मंद उजेडात ठेवलेल्या काही चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं उपटली, काहींच्या टाळूच्या कातडीखाली काळी शाई टोचली. डोळे दोन्हींचे शाबूत. पिसं काढलेल्यांना वसंताची चाहूल लागली, शाईवाल्यांना नाही. उजेड पातळ कवटीतून पार होऊन थेट मेंदूच्या तळाशी पोचतो आणि तिथल्या पेशी त्याची नोंद घेतात. दिवस पुरेसा लांबला की त्या संप्रेरकांची साखळी सुरू करून देतात. सकाळी कठड्यावर बसलेल्या चिमणीकडे मी हे कळल्यापासून वेगळ्या नजरेने बघतो. तिच्या टाळूवर पडलेलं ऊन आत चाललेलं असतं.

कुणी म्हणेल, एडमंटनमध्ये ठीक आहे. तिथे डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा आणि जूनमध्ये १७ तासांचा. पुण्यात सगळ्यात छोटा दिवस ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा १३ तासांहून थोडा अधिक. एवढ्याशा फरकावर काय कळणार? १९९८मध्ये पनामाच्या जंगलातल्या एका छोट्या पक्ष्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. विषुववृत्ताच्या आणखी जवळ राहणारा तो पक्षी दिवस फक्त १७ मिनिटांनी लांबला तरी ओळखत होता. अर्थात नुसत्या उजेडावर संसार मांडता येत नाही. सुगरण पाऊस पडून गवत हातभर वाढेपर्यंत थांबते, कारण घरटं विणायला पाती हवीत आणि पिल्लांना चारायला किडे. उजेड तयारीला लावतो, मुहूर्त पाऊस आणि अन्न ठरवतात.

बाल्कनीत बसून हे सगळं पाहायचं तर माझ्या मते शिंजीरासारखा पक्षी नाही. जांभळा शिंजीर, जास्वंदीवर येतो तो. दिवाळीच्या सुमारास नर पाहिला तर मादीच वाटावी: पिवळसर पोट, मळकट पाठ. फरक एवढाच की हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध काळसर पट्टा. जानेवारीत त्याची अवस्था बघवत नाही. इथे एक चकचकीत पीस, तिथे जुनं पिवळं, मध्येच टक्कल. आणि होळीपर्यंत तोच पक्षी उन्हात आला की निळा, जांभळा, हिरवा असा पेटतो. या पिसांत निळा रंग औषधालाही नसतो. काळ्या रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण तिथे थरांवर थर रचलेले असतात. त्यांवरून परावर्तित होणारे किरण एकमेकांत मिसळून निळा-जांभळा तेवढा उठून दिसतो. ढग आला, पक्षी वळला, की क्षणात नुसता काळा. जास्वंदीपाशी त्याची लबाडीही पाहून घ्या. फुलाच्या तोंडातून आत न शिरता तो देठाजवळ पाकळीला भोक पाडून मध ओढतो. परागकण वाहून नेण्याची मजुरी चुकवलेली! मादी मात्र तेव्हा कामात असते. कोळ्याची जाळी गोळा करून ती कपडे वाळत घालायच्या तारेवरसुद्धा घरटं टांगते. अशा वेळी महिनाभर कपडे दुसरीकडे वाळवावेत.

मार्चपासून पहाटे दयाळ गाऊ लागतो. हिवाळाभर हाच काळा-पांढरा पक्षी कुंपणावर शेपटी उडवत होता, पण गाणं नव्हतं. गायक पक्ष्यांचा गळाच नव्हे, मेंदूही ऋतूनुसार बदलतो. १९८१मध्ये फर्नांडो नोतेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूतलं गाण्याचं एक केंद्र मोजलं, तेव्हा वसंतात ते शरदातल्यापेक्षा जवळपास दुप्पट भरलं. कोकीळ मात्र या घराण्यातला नव्हे. दयाळाला गाणं शिकावं लागतं, कोकीळ ते जन्मतःच घेऊन येतो. बरंच आहे म्हणा, नाहीतर कावळ्याच्या घरट्यात वाढून त्याने आयुष्यभर काव काव केलं असतं. कुहू घालणारा काळा नर, आणि पानांत दडून किक्-किक्-किक् ओरडणारी ठिपकेदार मादी. उन्हाळ्यात ती कावळ्यांच्या घरट्यांवर पाळत ठेवून असते.

पाहुण्यांचं सांगायचं तर भोरड्या ऑगस्टमध्येच मध्य आशियाकडून परततात. ज्वारीच्या रानात गोफण घेऊन उभं राहणाऱ्यांना त्या चांगल्या ठाऊक. सप्टेंबर-ऑक्टोबरात गच्चीवरच्या टाकीपाशी धोबी शेपूट हलवताना दिसतो. नवी मुंबईकरांना तर हिवाळ्यात खिडकीतून रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात, त्यांचा हेवाच करावा. मला मात्र जास्त ओढ असते हिरवट वटवट्याची. वजन सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर. हिमालय आणि त्यापलीकडचे डोंगर सोडून तो इथल्या शेवग्यावर येतो आणि एप्रिलपर्यंत तेवढ्या चार-दोन झाडांवर हक्क सांगतो. दुसरा वटवट्या आला की हाकलतो. दिसायला अगदी सामान्य, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाही.

पक्षी बघायला भिगवणला जावं, जरूर जावं. पण एकच झाड वर्षभर पाहण्यात जे कळतं ते तिथल्या एका सकाळीत कळत नाही. एक विनंती, बाल्कनीत ज्वारी टाकून पारव्यांचा मेळा भरवू नका. त्यापेक्षा पाण्याची उथळ थाळी ठेवा आणि ती रोज धुवा.

आणि जूनच्या सुरुवातीला कान उघडे ठेवा. नैर्ऋत्य वाऱ्यांसोबत अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेतून चातक येतो. काळी पाठ, पांढरं पोट, डोक्यावर तुरा. त्याचं लक्ष सोसायटीच्या आवारात दिवसभर कलकलाट करणाऱ्या सातभाईंवर असतं. त्यांची अंडी निळी, चातकाचंही अंडं निळंच. सगळे सातभाई मिळून त्या परक्या पिल्लाला भरवतात. ते स्वतः आवार सोडून फारसे कुठे जात नाहीत. आणि पाऊस सरला की त्यांच्या हातचं खाऊन वाढलेलं पोर, आईबापाचा मार्ग न शिकता, समुद्रावरून आफ्रिकेला निघतं.