उत्तर आहे का, आणि एकच आहे का?

उन्हाळी वाळवणं सुरू झाली आहेत. अंगणात कुरडयांचा चीक घोटला जातोय. आज याच चिकावरून आपण थोडं गणिताकडे जाणार आहोत. घाबरू नका, रेडिओ बंद करू नका. आम्हीही बी. ए. झालेल्या, गणिताशी आमचा संबंध गटाच्या वहीपुरता. पण आमच्या एका सभासद ताईंची मुलगी गणितात एम. एस्सी. करते. सुट्टीत आली, घोटायला बसली आणि चिकाबद्दल जे सांगू लागली ते ऐकून आम्हांला आमची एक चूक आठवली.

आधी ती चूक सांगतो. मागे एका बैठकीत घाईघाईत वहीत एवढंच लिहिलं गेलं : दोघींचे मिळून 1,500 रुपये जमा. दोघींचा हप्ता 1,000 रुपयांचा. महिन्याअखेर हिशोब करताना आम्ही पहिलीच्या नावावर 1,000 आणि दुसरीच्या नावावर 500 टाकले. बेरीज जुळली. दुसरी थकबाकीदार ठरली. ती बैठकीत रडली. म्हणाली, "ताई, मी हजारच दिले होते." आम्ही म्हणालो, हिशोब जुळतोय ना! तिच्या सभासद पुस्तिकेत 1,000 ची नोंद आणि सही निघाली तेव्हा आमची मान खाली गेली. 500 आणि 1,000 अशीही बेरीज 1,500 च होते. आम्हांला एक उत्तर मिळालं होतं. तेच एकमेव आहे का, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

उलटंही होतं. पेटीत 1,500 आणि पुस्तिकांची बेरीज 1,700 आली, तर कुणाच्याही नावावर कसेही पैसे टाका, हिशोब बसणारच नाही. तिथे उत्तरच नाही. म्हणजे कुठेतरी लिहिण्यात चूक आहे.

गणितातली मोठी माणसं हेच दोन प्रश्न विचारतात. फ्रान्सच्या जाक हादामार यांनी सांगितलं, की निसर्गाचं चांगलं गणित असेल तर त्याला उत्तर असावं, ते एकच असावं, आणि सुरुवातीला थोडा फरक पडला तर उत्तरातही थोडाच फरक पडावा.

आता चिकाकडे येऊ. चिकात स्टार्च असतं. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे कितीतरी कण एकापुढे एक जोडलेल्या लांब माळा. अशा माळांना पॉलिमर म्हणतात. प्लास्टिक, रंग, डिंक या सगळ्यांत पॉलिमर असतात. पाणी ओतलं की वाहतं, मागचं विसरतं. माळांचा द्रव मात्र आठवण ठेवतो. ताणला की माळा ताणतात, सोडला की आखडतात. अंड्याचा पांढरा भाग काडीने गोल ढवळला तर तो काडीवर चढतो. पाणी ढवळलं तर मधोमध खड्डा पडतो. वितळलेलं प्लास्टिक बारीक भोकातून बाहेर आलं की भोकापेक्षा जाड होतं.

साध्या पाण्याच्या प्रवाहाचं समीकरण नाविए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं. माळांच्या द्रवासाठी 1950 मध्ये इंग्लंडच्या जेम्स ओल्ड्रॉइड यांनी त्यात ताणाच्या आठवणीचं वेगळं समीकरण जोडलं. समीकरण लिहिलं, पण त्याला उत्तर आहे का?

पाण्याचंच बघा. रशियाच्या ओल्गा लादिझेन्स्काया यांचे वडील गणिताचे शिक्षक. 1937 मध्ये सरकारने त्यांना पकडून ठार मारलं. 'देशद्रोह्याची मुलगी' म्हणून ओल्गांना लेनिनग्राडच्या विद्यापीठाने प्रवेश दिला नाही. तरी त्या शिकल्या, आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सिद्ध केलं, की सपाट, म्हणजे लांबी-रुंदीच्याच प्रवाहात पाण्याच्या समीकरणाला उत्तर आहे, कायम टिकणारं आहे आणि एकच आहे. लांबी, रुंदी, खोली अशा खऱ्या प्रवाहासाठी 1934 मध्ये जाँ लरे यांनी एका ढोबळ अर्थाने उत्तर असल्याचं दाखवलं होतं. ते एकच आहे का, हा प्रश्न सुटलेला नाही. या समीकरणाचं गुळगुळीत उत्तर कायम टिकतं का, हे सिद्ध करणाऱ्याला 2000 सालापासून 10 लाख डॉलरचं बक्षीस लावलेलं आहे.

मग माळांच्या द्रवाचं किती अवघड असेल! 1990 मध्ये फ्रान्सच्या कोलेत गियोपे या गणितज्ञ बाई आणि झाँ-क्लोद सो यांनी ओल्ड्रॉइडच्या जातीच्या द्रवांबद्दल सिद्ध केलं, की थोड्या वेळापुरतं उत्तर नक्की आहे आणि एकच आहे. काही अटी घालून, आणि सुरुवातीचा धक्का लहान असेल, तर ते कायम टिकतं. धक्का मोठा असेल तर? तिथे ओल्ड्रॉइडच्या समीकरणाची एक खोड आड येते. त्यात माळेच्या जागी स्प्रिंग धरलेली असते, आणि ती कितीही ताणली तरी तुटत नाही, संपत नाही. खरी माळ तिच्या लांबीपलीकडे जाऊच शकत नाही. म्हणून पुढच्या लोकांनी स्प्रिंगला मर्यादा घालून नवी समीकरणं मांडली.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. प्लास्टिकचे साचे, रंगाचे नळ यांचं गणित संगणकावर करतात. वेग वाढवला की संगणकाचा हिशोब कोसळायचा. उत्तरच नाही म्हणून, की रीत चुकीची म्हणून, हे वर्षानुवर्षं कळेना. 2004 मध्ये इस्रायलच्या फट्टल आणि कुप्फरमन यांनी दाखवलं, की ताण काही ठिकाणी दुपटी-दुपटीने वाढतो आणि जुनी रीत तो साध्या पावलांनी मोजू बघते. त्यांनी ताणाऐवजी लॉगरिदमचा हिशोब धरला आणि बरीच पडझड थांबली. दोष बराचसा रीतीत होता. सगळं मिटलं असं नाही, पण कुठे शोधायचं ते कळलं.

मैत्रिणींनो, संगणक असो की कॅल्क्युलेटर, तो आकडा देतो. आकडा आला म्हणून तो खरा, असं नाही. आमच्या वहीत आता प्रत्येकीची रक्कम वेगळी लिहिली जाते आणि पुस्तिकेवर त्याच वेळी सही होते. ज्या ताईंना आम्ही थकबाकीदार म्हटलं, त्यांची आम्ही भर बैठकीत माफी मागितली. आज गटाची वही त्याच लिहितात.

तुमच्याही गटात कुणाचं नाव थकबाकीत टाकायच्या आधी हे दोन प्रश्न विचारा : हिशोबाला उत्तर आहे का? आणि हेच एक उत्तर आहे का? दुसरंही बसत असेल, तर नाव लिहू नका. आधी पुस्तिका बघा.

चला, चीक गार होईल. पुन्हा भेटू. नमस्कार.