विश्लेषण : कॅरॅव्हॅनने डहाणूचा किनारा ते नाशिकचे द्राक्षमळे… पण रात्री गाडी उभी कुठे करायची?

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे दर्शन, डहाणू-बोर्डीचा किनारा, चिकूच्या वाड्या आणि पुढे जव्हारमार्गे नाशिकचे द्राक्षमळे. दोघांना तीन-चार दिवसांत निवांत करता येईल, अशी ही सहल. कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली की हॉटेल शोधायला नको, असे वाटते. मात्र पलंग सोबत असला तरी तो उभा करायला जागा लागतेच. ती आधी ठरवणे का गरजेचे आहे?

मार्ग कसा आहे?

मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने चारोटी नाका गाठायचा. तिथून काही किलोमीटर पुढे विवळवेढे. दर्शन घेऊन चारोटीला परत आले की पश्चिमेला डहाणू, घोलवड, बोर्डी. परतताना पुन्हा चारोटी, मग कासा, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर आणि नाशिक. जव्हारनंतरचा रस्ता घाटवळणांचा आहे. उंच आणि जड गाडी तिथे दिवसाउजेडीच न्यावी.

रस्त्याकडेला मुक्काम करता येतो का?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले कॅरॅव्हॅन पार्क उभारणे, हा त्याचा गाभा. म्हणजेच मुक्काम ठरलेल्या जागी व्हावा, हे धोरणातच गृहीत आहे. महामार्गाच्या कडेला रात्रभर थांबणे धोक्याचे असते. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी उतरवली तर ती रुततेच, शिवाय किनारपट्टीचे नियमही आड येतात. त्यामुळे रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्र किंवा वाडीमालकाची परवानगी आधीच घ्यावी. गाडीची लांबी-उंची सांगावी आणि वीजजोडणी मिळेल का, हेही विचारून ठेवावे.

वीज-पाणी किती पुरते?

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात १,२०० वॅट-अवर, म्हणजे जेमतेम सव्वा युनिट वीज असते. पंखा आणि दिवे मिळून ५० वॅट धरले तर दहा तासांत ५०० वॅट-अवर लागतात. रात्र निघते. पण एक किलोवॅटचा एसी हीच बॅटरी तासाभरात संपवतो. किनाऱ्याच्या दमट हवेत एसी हवा असेल तर बाहेरची वीजजोडणी लागणारच. पाण्याचेही तसेच. माणशी रोज ३० लिटर धरले तर १०० लिटरची टाकी दोन दिवसांच्या आतच रिकामी होते. शौचालयाची टाकी मात्र ओढ्यात किंवा खाडीत रिकामी करू नये. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

वाइन प्यायची तर काय लक्षात ठेवावे?

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बोर्डीच्या हिल झिल वाइन्सने याच चिकूपासून वाइन बनवली आहे. नाशिकला १९९९ मध्ये ‘सुला’ सुरू झाली. पुढे गंगापूर धरण परिसर वायनरींसाठी ओळखला जाऊ लागला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दोघांनीही दोन-दोन ग्लास घेतले आणि रात्री एक वाजता कोणी ‘गाडी हलवा’ म्हणाले, तर चालवणार कोण? परवानगीची जागा हवी ती यासाठी. सकाळपर्यंत हलावे लागणार नाही, याची खात्री असेल तेव्हाच बाटली उघडावी. नाही तर एकाने त्या रात्री सरबतावर भागवावे.

सीमेजवळ काय काळजी घ्यावी?

बोर्डीच्या पुढे झाई आणि लगेच गुजरात. महामार्गावर तलासरीच्या पुढे अच्छाडजवळ हीच सीमा लागते. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. परवान्याशिवाय सीलबंद बाटली नेणेही तिथे गुन्हा ठरतो आणि गाडी जप्त होऊ शकते. मोबाइलवरच्या नकाशाने जवळचा म्हणून सीमेपलीकडचा रस्ता दाखवला, तर बाटली गाडीत असताना तो घेऊ नये.

कधी जावे, गाडी कोणती घ्यावी?

नाशिकला द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान असते. तेव्हा किनाऱ्यावरची हवाही सुसह्य असते. चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत विवळवेढ्यात मोठी गाडी नेणे टाळावे.

भाड्याची गाडी व्यावसायिक नोंदणीची आहे का, विमा चालू आहे का आणि नोंदणी प्रमाणपत्रावर कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद आहे का, हे पाहावे. साध्या व्हॅनमध्ये आरटीओच्या मंजुरीविना पलंग-शेगडी बसवलेली असेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी या प्रमाणपत्राचा फोटो मागवून घ्यावा.